तेलाचा वास

“आता ‘डी’त टाका,” खिडकीशी वाकून माझा दादा म्हणाला. “ब्रेकवरचा पाय काढू नका. आणि गिअर लागेपर्यंत मोठ्याने मोजा.”

सिस्टरनी गिअर ओढला. “एक... दोन... तीन...” चौथा आकडा ओठांवर येतोय तोच गाडीला असा हिसका बसला की मागच्या सीटवरच्या त्यांच्या धाकट्या भावाचा थर्मास दारावर आपटला.

“हे असं होतं,” सिस्टर म्हणाल्या. “सकाळी गार असताना एवढं जाणवत नाही. तापली की सुरू. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागच्या जागी.”

“माझ्यासारखीच आहे,” मागून भाऊ म्हणाला. “ओरडते जास्त, चालते कमी.”

तो शिंपी होता. शर्टाच्या कॉलरला अजून दोन टाचण्या टोचलेल्या होत्या, म्हणजे सकाळी शिवणयंत्रावरून उठूनच आला असावा. चेहरा सुजलेला, रंग मातकट. पण जिभेला सूज नव्हती.

गाडी सोळा वर्षांची. आकाशी रंगाची, एका दाराचा आकाशी जरा वेगळा. सिस्टरनी ती दोन महिन्यांपूर्वी विकत घेतली होती. वॉर्डात वीस-बावीस वर्षं उभं राहून त्यांचा डावा गुडघा कामातून गेला होता, त्यामुळे क्लच दाबायला नको म्हणून ऑटोमॅटिक. आणि गाडी घ्यायचं कारण मागच्या सीटवर बसलेलं होतं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही टेकडीच्या पलीकडच्या दवाखान्यात.

“दोन वाजता मशीन लागतं,” त्या म्हणाल्या. “अर्ध्या तासाच्या वर उशीर झाला की पुढच्याला देऊन टाकतात. शनिवारची खेप चुकलीये. गाडी वाटेतच बसली, दुसरं वाहन मिळालं नाही.”

“आणि आजची चुकली तर?” मी विचारलं. काही वेळा माझं तोंड माझ्या आधी धावतं.

सिस्टर उतरल्या, मागचं दार उघडलं, वाकून भावाचा घोटा अंगठ्याने दाबला आणि अंगठा काढला. खळगा तसाच राहिला. आम्ही चौघंही त्या खळग्याकडे बघत होतो आणि तो काही भरून यायला तयार नव्हता.

“आधी दोघांना दाखवली. दोघंही म्हणाले, गिअरबॉक्स उघडायला लागेल, पंधरा-वीस दिवस गाडी ठेवा. वीस दिवस मी ह्याला कशातून नेऊ? मग कोणीतरी सांगितलं, एकदा नाकवाल्यांना दाखवा.”

नाकवाले म्हणजे दादा. आमच्या वर्कशॉपवर पाटी वडिलांच्या नावाची आहे, पण ती कोणी वाचत नाही. माझ्याकडे इंजिनं, दादाकडे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. देवाने आम्हा भावांत वाटणी केली तेव्हा त्याला नाक दिलं आणि मला त्याचं ऐकायला कान. लोक लांबून बाटलीत तेल घेऊन यायचे, दादा झाकण उघडायचा, एकदा हुंगायचा आणि सांगायचा. एकदा एकाला म्हणाला, “हे तेल ह्या गाडीचं नाहीच,” आणि तो माणूस खरोखरच ओशाळला; परीक्षा घ्यायला दुसऱ्याच गाडीचं तेल घेऊन आला होता. हा किस्सा मी किमान दोनशे ग्राहकांना सांगितला असेल.

आता ह्या नाकाचं काम काय, ते सांगायला हवं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोटात क्लचच्या पातळ चकत्या असतात. त्यांचं अस्तर घासून जळायला लागलं की तेलाला करपट वास येतो. असं तेल काढून नवं घालायचं नाही, हा आमच्या धंद्यातला दंडक. अस्तराची जी भुकटी जुन्या तेलात उतरलेली असते, तिच्यावरच झिजलेल्या चकत्या कशाबशा पकड धरून असतात. स्वच्छ तेल आलं की तेवढीही पकड जाते. म्हणजे वास नसेल तर तेल बदला, गाडी सुधारेल. वास असेल तर तेलाला हात लावू नका, बॉक्स उघडा. रंगावर जाऊ नये, कारण विकणारे लोक थोडं जुनं काढून थोडं नवं लाल तेल वरून घालतात आणि रंग उजळून घेतात.

दादाने बॉनेट उघडलं. इंजिन चालूच होतं. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेल विटकरी होतं, ना धड लाल ना काळं. त्याने एक थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळला. मग बोटं नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

हे मी आयुष्यभर बघत आलोय. दोन सेकंदांचं काम. त्या दिवशी त्याने डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. सिस्टर पर्सचा पट्टा बोटांना गुंडाळत होत्या. शिंपी मागच्या सीटवरून मान लांब करून बघत होता. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते.

“ठीक आहे,” दादा म्हणाला. “तेल म्हातारं झालंय, बाकी काही नाही. बदलून देतो. साडेबाराला निघा.”

सिस्टरनी सोडलेला श्वास मला दहा फुटांवर ऐकू आला. “खरंच, मिस्त्री? उघडायला नाही लागणार?”

“नाही.”

“एकदा चढावर फिरवून आणू का?” मी म्हणालो.

दादाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “कशाला? बघितलं ना मी?”

बघितलं होतं, खरं आहे. मी माझ्या इंजिनाकडे वळलो. दादा गाडीखाली गेला, नट सैल केला, ट्रेमध्ये तेलाची धार लागली. दहा-पंधरा मिनिटांनी भरलेला ट्रे दोन्ही हातांत धरून तो माझ्या बाजूने मागच्या पिंपाकडे निघाला, आणि मला वास आला.

करपलेला, कडवट, घशाला टोचणारा. माझं नाक काही दादाचं नव्हे, दिवसभर धुरात असतं ते. पण हा वास ओळखायला नाकवाला असावं लागत नाही. मी हातातला पाना तसाच धरून उभा राहिलो.

एकतीस वर्षांत मी दादाला गिअरबॉक्सबद्दल एक शब्द सुनावला नव्हता. ग्राहकासमोर मोठ्या भावाला टोकायचं नाही, ही वडिलांची शिस्त. वडील गेले, शिस्त जागेवर होती. आणि सिस्टर तिथेच स्टुलावर बसलेल्या. मी स्वतःला समजावलं: त्याने नीट हुंगलंय, डोळे मिटून हुंगलंय, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. कदाचित हा वास ट्रेचाच असेल, मागच्या गाडीचा. माणसाला गप्प बसायचं असलं की कारणांचा दुष्काळ पडत नाही.

तरीही अजून वेळ गेली नव्हती. जुनं तेल ट्रेमध्ये होतं. फडक्यातून गाळून परत ओतता आलं असतं.

“दादा,” मी म्हणालो.

“काय?”

सिस्टरनी मान वर केली.

“नाही, ते... फनेल तिकडे आहे.”

“माहितेय मला,” तो म्हणाला. नवं तेल लाल, चकचकीत, बॉक्समध्ये उतरलं.

साडेबाराला सिस्टरनी गाडी आवारात पुढे-मागे करून बघितली. “एक... दोन...” आणि गिअर लागला, लोण्यातून सुरी जावी तसा. त्या हसल्या. तोवर त्या हसल्यावर कशा दिसतात हे मला ठाऊक नव्हतं. शिंप्याने खिडकीतून हात काढून दादाला सलाम ठोकला. “मिस्त्री, तुमच्या नाकाचा विमा उतरवून ठेवा!” त्याला वाटेत घरून फाइल आणि औषधं घ्यायची होती. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी मागच्या आवारात एका गाडीच्या कामाला लागलो.

पाऊण तासाने हात धुऊन परत आलो तेव्हा वर्कशॉपभर जळका वास भरला होता. कोपऱ्यातल्या गॅसवर दादाने चहासाठी दूध ठेवलेलं. ते उतू जाऊन, आटून, भांड्याच्या तळाला काळं होऊन धूर सोडत होतं. आणि दादा त्याच्याकडे पाठ करून, हातभर अंतरावर, बोल्ट आकारांप्रमाणे डब्यांत टाकत बसला होता. शांतपणे. एक एक.

मी गॅस बंद केला. “दादा, दूध.”

“काय दूध?” तो वळला. भांडं पाहिलं. मग माझा चेहरा पाहिला.

“कधीपासून?”

हातातला बोल्ट त्याने चुकीच्या डब्यात टाकला.

“दादा, कधीपासून?”

“तो ताप आला होता ना मला,” तो म्हणाला. “तेव्हापासून. चार महिने. येईल परत असं वाटलं. रोज सकाळी साबण हुंगतो. तुझ्या वहिनीलाही बोललो नाही.”

“मग मघाशी काय हुंगलंस?”

“ह्याआधीच्या गाड्या मी चढावर नेऊन बघायचो, गुपचूप. जमत होतं. आज वेळ नव्हता. आणि तू म्हणालास चढावर नेऊ, तर मला वाटलं तुला कळलं की काय.” त्याने बोल्टचा डबा बाजूला सारला. “तिला ‘ठीक आहे’ ऐकायचं होतं रे. ते म्हणणं सोपं होतं.”

“तेल जळलेलं होतं दादा.”

“तुला कसं...” तो थांबला. “तुला आला वास?”

“ट्रे नेलास तेव्हा.”

“आणि तू मला फनेल दाखवलंस?”

मी सिस्टरना फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना त्या फोन पर्समध्ये आवाज बंद करून ठेवतात, हे नंतर कळलं. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा लावायच्या आधीच दादा मोटरसायकलपाशी जाऊन उभा होता.

टेकडीकडे मोटरसायकल मी चालवत होतो, दादा मागे. दादाने माझा खांदा धरला होता, आणि तो लहानपणी धरायचा तसा नाही, आधाराला धरतात तसा धरला होता. पहिल्या वळणावर आकाशी गाडी नव्हती. दुसऱ्यावरही नव्हती. मला आशा वाटायला लागली. तिसऱ्या वळणाआधीच हॉर्नचे आवाज ऐकू आले.

गाडी रस्त्यात तिरकी उभी होती, शेपूट कठड्यापासून वीतभर. मागे एक बस, बसमागे रांग. सिस्टर स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. गाडी ‘पी’मध्ये टाकलेली, तरी पाय ब्रेकवरच होता.

“एकदम सुटली,” मला बघून त्या म्हणाल्या. “इंजिन ओरडतंय आणि गाडी मागे, मागे... बसवाल्याने वेळेत थांबवली, नाहीतर...” दादा तोवर रस्त्याकडेचे दोन धोंडे आणून चाकांमागे लावत होता.

“मी म्हणालो उतरून ढकलतो,” शिंपी मागून म्हणाला, “पण ताई माझं ऐकेल तर ना.” पण ओठ पांढरे पडले होते. दोनला दहा कमी होते.

सिस्टर उतरल्या. एका पायावर भार देत दादासमोर येऊन उभ्या राहिल्या. “तुम्ही म्हणालात तेल ठीक आहे. डोळे मिटून बघितलंत तुम्ही. मी तुमच्या भरवशावर ह्याला घेऊन चढाला लागले.”

“त्याचं काय आहे सिस्टर,” मी मध्ये पडलो, “जुन्या गाडीचं नक्की असं कोणी...”

“तू गप्प बस,” दादा म्हणाला. मग त्यांच्याकडे बघून, बसवाल्यासकट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मला वास येत नाही. चार महिने झाले. मी अंदाजाने सांगितलं.”

बसच्या ड्रायव्हरचा हॉर्नवरचा हात खाली आला. मला वाटलं सिस्टर ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मला विचारायचं होतं मिस्त्री,” त्या हळूच म्हणाल्या. “माझं नाक शाबूत आहे.”

दादाने मान खाली घातली. त्याला इतका लहान झालेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि मला तो रस्त्यात उभा राहून रडेल अशी भीती वाटली.

पण सिस्टरना थांबायला वेळ नव्हता. त्यांनी भावाची नाडी बघितली, मोटरसायकलकडे बघितलं, मला विचारलं, “हळू आणि लवकर, दोन्ही जमेल?” मी हो म्हणालो. आम्ही शिंप्याला माझ्यामागे बसवलं. सिस्टरनी आपली शाल काढून आम्हा दोघांच्या कमरेभोवती आवळली आणि बँडेज बांधतात तशी घट्ट गाठ मारली. फाइल माझ्या शर्टात खुपसली. “तो गप्प झाला तर लगेच थांबवा,” त्या म्हणाल्या. “बोलतोय तोवर ठीक आहे.”

त्यामुळे मी वाटभर त्याला बोलतं ठेवलं. सगळा भार माझ्या पाठीवर, हनुवटी खांद्यावर. तो शिवलेल्या कपड्यांचं सांगत होता, एका नवऱ्यामुलाची विजार आखूड झाली त्याचं सांगत होता. उतारावर त्याचा आवाज मंदावला. मला काही सुचेना, म्हणून जे मनात होतं तेच बोललो.

“दादाला वास आला नाही, पण मला आला होता. मी गप्प बसलो.”

मागून काहीच आलं नाही. मी वेग कमी केला. “ऐकताय ना?”

“ऐकतोय,” तो म्हणाला. “ही गाडी बघायला गेलो होतो ना आम्ही, तेव्हाच मला करपट वास आला होता. विकणाऱ्याने चढावर नेऊन दाखवली तेव्हा. पण ताई इतकी खुशीत होती... बावीस वर्षांत तिने स्वतःसाठी म्हणून काही घेतलं नव्हतं. तेही माझ्यासाठीच घेत होती म्हणा.” तो श्वास घ्यायला थांबला. “तिला सांगू नका.”

“नाही सांगत.”

“आपण धाकटे सगळे एका मापाचे,” तो म्हणाला, आणि दवाखान्याच्या फाटकापर्यंत आणखी विजारींबद्दल बोलत राहिला.

दोन वाजून चौतीस मिनिटं झाली होती. मशीनपाशी दुसऱ्या एका आजोबांना बोलावलेलं. आजोबांनी शिंप्याच्या पायांकडे पाहिलं आणि ते पुन्हा बाकावर जाऊन बसले. शालीची गाठ मला सुटेना, ती शेवटी तिथल्या नर्सने कात्रीने कापली.

गाडी खाली ओढून आणायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवसापासून दादाने बॉक्स खोलला. चकत्या बाहेर काढून ओळीने कागदावर मांडल्या. अस्तर कुठेच नव्हतं, नुसतं निळं-काळं पडलेलं लोखंड. त्यातली एक त्याने खिळा ठोकून भिंतीवर लावली, डिपस्टिक पुसायच्या फडक्यांशेजारी. वहिनीला त्याने सांगितलं. ग्राहकांनाही सांगायला लागला, कोणी विचारायच्या आधीच. काही जण तेलाची बाटली उघडायच्या आत परत घेऊन गेले. मजुरीचा विषय त्याने सिस्टरना काढू दिला नाही. आणि ते अठरा दिवस आठवड्यातून तीनदा एक वाजता आमच्या वर्कशॉपातली कुठली ना कुठली गाडी टेकडीकडे निघायची. चालवायचा दादा. शिंपी मागे.

सिस्टर गाडी न्यायला आल्या तेव्हा सकाळ होती. भाऊ आवारात उभा राहून दादाच्या शर्टाचा उसवलेला खांदा तपासत होता आणि तोंडाने नापसंती दाखवत होता. दादाने गाडी तासभर चढावर फिरवून, तापवून आणली होती. इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. डिपस्टिक ओढली, पुसली, घातली, पुन्हा काढली. थेंब बोटांत चोळला.

सवयीने हात नाकाकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. त्याने तो फडक्याला पुसला.

“सिस्टर,” त्याने पट्टी त्यांच्यासमोर धरली. “बघा.”

त्या वाकल्या. जखमेची पट्टी हुंगतात तसं लक्ष देऊन हुंगलं. “काही नाही. नुसतं तेल.”

मग दादाने पट्टी माझ्यासमोर धरली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तिच्या टोकाचा थेंब खाली सिमेंटवर पडला. मी हुंगलं. घाई केली नाही.

“ठीक आहे,” मी म्हणालो.

“नक्की?” दादाने विचारलं.

“नक्की.”

त्याने पट्टी जागेवर घातली आणि दोन्ही हातांनी बॉनेट हळूच लावून घेतलं.